उभे राहण्याची जागा

वाईजवळच्या मेणवलीत नाना फडणविसांच्या वाड्यातली भित्तिचित्रे पाहताना जाणवते, की त्या चित्रकारांनी पाहणाऱ्याच्या डोळ्याला एका जागी खिळवून ठेवलेले नाही. त्यानंतर थोड्याच वर्षांत, 1790 च्या दशकात, गंगाराम तांबट हा पुण्याचा चित्रकार ब्रिटिश रेसिडेंट चार्ल्स मॅलेटसाठी वेरूळची लेणी यथार्थदर्शनाच्या युरोपीय नियमाने कागदावर आणू पाहत होता, तेव्हा मात्र त्याला आधी एक जागा धरून उभे राहावे लागले. पुढे आलेल्या छायाचित्रकलेने हीच अट वारसाहक्काने घेतली. कुठे उभे राहायचे, हा तिचा पहिला प्रश्न, आणि लेन्सची फोकल लेंथ हे त्याला प्रत्येक पिढीने दिलेले उत्तर.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. लांब लेन्स दूरचे डोंगर जवळ ओढते, असे आपण सहज म्हणतो. पण जवळच्या आणि दूरच्या वस्तूंचे परस्परप्रमाण ठरते ते फक्त आपण किती अंतरावर उभे आहोत यावरून. लेन्स ठरवते तो कोन: 35 मिमी फिल्मच्या चौकटीत 24 मिमीची लेन्स सुमारे 84 अंश सामावते, 50 ची सुमारे 47 आणि 600 ची जेमतेम 4. कोन ठरला की पावले ठरतात. रुंद लेन्स आपल्याला माणसाच्या श्वासाइतके जवळ नेते, लांब लेन्स त्याच्या नकळत पाहू देते, आणि वर्षानुवर्षे एकाच अंतरावरून पाहणाऱ्याचा तो स्वभाव होऊन बसतो.

मुंबईत 1854 मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी तिथल्या आरंभीच्या भारतीय छायाचित्रकारांपैकी. त्या काळी व्यक्तिचित्राची लेन्स वेगळी आणि निसर्गदृश्याची वेगळी असे: पेट्झ्वालने 1840 मध्ये सिद्ध केलेली पहिली भरपूर प्रकाश घेई, पण कडेला धूसर होई, दुसरी विस्तीर्ण दृश्य स्वच्छ टिपे, पण इतकी मंद, की हललेला माणूस पुसला जाई. विल्यम जॉन्सनने मुंबईच्या जातीजमातींवर 1863 आणि 1866 मध्ये जे दोन खंड काढले, त्यांत त्याने माणसांचे फोटो स्टुडिओत घेतले, कातरले आणि दुसरीकडे टिपलेल्या स्थळांच्या फोटोंवर चिकटवले. माणसे खरी, जागाही खऱ्या. त्यांचे नाते तेवढे डिंकाचे. तंत्राची अडचण होतीच, पण माणसाला त्याच्या भूमीपासून सुटे करून नमुन्यासारखे मांडणारी साम्राज्याची नजर त्या अडचणीच्या सोयीने आली, हे आपण पुरेसे लक्षात ठेवलेले नाही.

ही फूट सांधली ती मधल्या लेन्सने. 1925 मध्ये लायका कॅमेरा बाजारात आला, 50 मिमीच्या लेन्ससह, आणि फ्रेंच छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँने जवळजवळ आयुष्यभर तेवढ्यावरच भागवले. 1948 च्या 30 जानेवारीला हत्येपूर्वी काही काळ तो गांधीजींना भेटला, तो याच सवयीचा डोळा घेऊन. जे. जे. त शिकलेल्या होमाई व्यारावाला यांच्या रोलीफ्लेक्सची लेन्स बदलता येत नसे. मोठे हवे तर पुढे सरकायचे, सगळे हवे तर मागे, आणि प्रत्येक पावलाला समोरचा माणूस साक्षी. 1959 मध्ये स्थिरचित्रणासाठी 36 ते 82 मिमीची झूमर लेन्स आली आणि पावलांचे काम मनगटाकडे गेले. मला ही घटना रंगीत फिल्मपेक्षाही मोठी वाटते.

आज पनवेलच्या परिसरात ती जुनी फूट नव्याने दिसते. कर्नाळ्याला, 1968 पासूनच्या पक्षी अभयारण्यात, पहाटे 500 आणि 600 च्या टेली लेन्स घेतलेली मंडळी स्वर्गीय नर्तकाची वाट पाहत उभी असतात. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. घरट्यापासून दूर राहणे हा त्या लेन्सचा धर्म आहे, जरी याच जिल्ह्यातल्या किहीमला 1930 मध्ये सालिम अलींनी सुगरणींचे जीवन उलगडले ते आडोशाला बसून, अगदी जवळून. पण हीच लेन्स शहराकडे वळते, तेव्हा कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका टोलेजंग इमारतींच्या गच्चीला टेकल्यासारखा दिसतो आणि मधली खाडी, शेते, पाडे त्या चार अंशांत दुमडून जातात. दुसऱ्या टोकाला मोबाइलची चोवीस-सव्वीसची रुंद लेन्स आणि ड्रोन. गोपाळ बोधे यांनी आकाशातून गडकोट टिपले, तेव्हा ती दृष्टी दुर्मीळ आणि कष्टाची होती. आता ती सर्वांची आहे, आणि तिच्यात तोच सुळका खिळ्याएवढा, माणूस तर ठिपकाही नाही.

8 ऑक्टोबर 2025 रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. त्यासाठी उलव्याची टेकडी उतरवली गेली, नदीचे पात्र वळवले गेले, चिंचपाडा, कोल्ही, कोपर, तरघर, कोंबडभुजे अशी दहा गावे उठली. या स्थित्यंतराची चित्रे आठवून पाहा: आकाशातून टिपलेली धावपट्टी, आणि लांबून घेतलेले, सुळक्याला चिकटल्यासारखे विमान. आगरी-कोळी घराचा उंबरा, उठताना मागे वळलेली म्हातारी आणि तिच्या पाठीमागची अर्धी कापलेली टेकडी एकाच चौकटीत यायची, तर कुणीतरी तीन-चार पावलांवर उभे राहायला हवे होते. जॉन्सनला ते तंत्राने करू दिले नाही. आपल्याला तंत्राने अडवलेले नव्हते.

उठलेल्या गावांतली कितीतरी माणसे आज पुष्पकनगरच्या नव्या घरांत राहतात, आणि ज्यांनी ती टेकडी अंगणातून पाहिली त्यांची पिढी अजून हयात आहे. पनवेलच्या महाविद्यालयांनी आणि छायाचित्रकारांच्या मंडळांनी वर्षभर टेली आणि ड्रोन बाजूला ठेवून, एक पस्तीसची किंवा पन्नासची लेन्स घेऊन तिथे जावे. त्या अंतरावरून आधी नाव विचारावे लागते, बसावे लागते, मग कॅमेरा काढता येतो. हे काम पुढच्या पिढीला करता येणार नाही.