एका धावत्या क्रियापदाची गोष्ट

वाचकहो, फराळाच्या ताटात व्याकरण वाढणारा यजमान अरसिकच म्हणायचा! पण आमचे सदर पडले शब्दांचे. तेव्हा आज एका परक्या पाहुण्यासाठी पाट मांडला आहे. पाहुण्याचे नाव 'रन'. इंग्रजीत लिहायला अवघी तीन अक्षरे. शाळेत आपण त्याचा अर्थ 'धावणे' असा घोकला, मार्क मिळवले आणि ओळख तिथेच संपली.

ऑक्सफर्डच्या कोशकारांना मात्र ही ओळख भलतीच महाग पडली. त्यांच्या महाकोशाचा पहिला भाग १८८४ साली निघाला आणि काम पुरे झाले १९२८ साली. प्रमुख संपादक जेम्स मरे त्याआधीच, १९१५ साली, वारले. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत लांबलचक नोंद होती 'सेट' या क्रियापदाची. पुढे 'रन'ची नोंद नव्याने तयार झाली. पीटर गिलिव्हर या कोशकाराचे त्यात नऊ महिने गेले, आणि २०११ साली हिशेब जाहीर झाला तो ६४५ अर्थांचा!

इतके अर्थ आले कुठून? मुळात हा शब्द पायांचा. पण न थांबता चालू राहणारे जे जे दिसले, त्याला इंग्रजांनी तो लावला. पाणी 'रन' होते, म्हणजे वाहते. लुगड्याचा रंग 'रन' होतो, म्हणजे जातो. रस्ता 'रन' होतो तो नुसता पडल्या जागी! यंत्रे आली, आगगाड्या आल्या, कारखाने आले; तीही 'रन' होऊ लागली. शेपटाला 'आउट' जोडा, की डब्यातली साखर संपते. 'इंटू' जोडा, की जुना मित्र अवचित भेटतो. गंमत निवडणुकीची. अमेरिकेतला उमेदवार 'रन' होतो, इंग्लंडातला 'स्टँड' होतो. एक धावतो, दुसरा उभा राहतो. दोघांनाही हवी असते खुर्चीच!

हसण्यापूर्वी आपल्याही घरात डोकावू या. आमचे 'लागणे' काय कमी आहे? भूक लागते, ठेच लागते, दिवा लागतो, डोळा लागतो, निकाल लागतो, नोकरी लागते आणि शेजारची बाई आपली मावशी लागते! १८३१ साली मराठीचा कोश सिद्ध करणाऱ्या मोल्सवर्थसाहेबांना अशा शब्दांशी झुंजताना काय वाटले असेल, याची कल्पनाच करावी.

हा नुसता विनोद नव्हे. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आले. मुले शब्दार्थांच्या याद्या पाठ करतात : एक शब्द, एक अर्थ. माझ्या ओळखीच्या एका मुलीने नाक वाहत असल्याच्या इंग्रजी वाक्याचे भाषांतर केले, 'माझे नाक धावत आहे.' वर्ग हसला, गुरुजीही हसले. त्या दिवसापासून इंग्रजीच्या तासाला तिचा हात वर गेला नाही. तिचे चुकले काय? शिकवलेला अर्थ तिने इमानाने वापरला. चूक होती ती यादीची.

मी तिला एवढेच सांगितले, की क्रियापद एकटे कधी पाठ करू नये, सोबत्यासह करावे. नाकाबरोबर 'रन' आला तर वाहणे, दुकानाबरोबर आला तर चालवणे, घोड्याबरोबर आला तर धावणे. वहीत असे सोबती लिहीत गेले, की सहाशे अर्थांचे भय उरत नाही. इंग्रज मुलालादेखील ते सगळे पाठ नसतात. कामापुरते येतात, बाकीचे संदर्भाने कळतात.

तेव्हा या सुटीत पोरांना जवळ बसवा आणि 'लागणे'ची उदाहरणे मोजायला सांगा. विसाच्या पुढे गेली, की हळूच 'रन' काढा. आपल्या भाषेचा हा कारभार ज्याने ओळखला, त्याला परक्या भाषेचा धाक वाटत नाही. आणि कुणाचे वाक्य चुकलेच, तर हसण्याआधी त्याने ते तसे का लिहिले, तेवढे विचारा.