पाण्याला सातबारा नसतो

आजची तिथी कोणती? तिची पाऊणपट करा, भरतीची वेळ हाती येते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा. म्हणजे पहाटे सहाच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास खाडी भरणार. अष्टमीला भांग, पुनवे-अवसेला उधाण. दिवाळे, सारसोळे, करावे, वाशीगाव इथल्या कोळी-आगरी घरांत हा हिशेब तोंडपाठ असतो. खुंटांना बांधायची बोक्षी कधी लावायची, पागाचं जाळं कुठे फेकायचं, चिंबोरीसाठी फग कधी टाकायचे, सगळं त्यावर ठरतं. सेक्टरच्या आकड्यांनी पत्ता सांगणाऱ्या आपल्या नवी मुंबईत हे शहाणपण अजून रोज वापरात आहे. ते वापरात राहावं, यासाठी हे लिहितो आहे.

खाडीतलं धन म्हणजे पापलेट-सुरमई नव्हे. बोय, काळुंदर, शिंगाळा, खरबी, निवट्या, कोलंबी, आणि नशिबात असेल तर जिताडा. थंडीत बाजारात चपटी लेपटी दिसली तर नीट बघा. जन्मते तेव्हा तिचे डोळे इतर माशांसारखे दोन बाजूंना असतात; वाढता वाढता एक डोळा सरकून दुसऱ्याशेजारी येतो आणि मासळी कायमची चिखलावर आडवी होते. कोळीण डोक्याकडून तिचं कातडं चिमटीत धरते आणि एका ओढीत मोज्यासारखं उतरवते. मग तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर. काटा मधोमध एकच, म्हणून पोरांनाही देता येते.

तळाच्या चिखलात राहणाऱ्या अशा माशाला पळायला फारशी जागा नसते. गाळ साचला, पाणी नासलं, तर आधी भोगतो तो. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडच्या उपसागरांत हिवाळी फ्लाउंडर हा असाच चपटा मासा एके काळी लोक बादल्या भरभरून धरत. आता तिथे हौशी मच्छीमाराला वर्षातले दोन महिने आणि दिवसाला माणशी दोनच मासे, एवढीच मुभा आहे. तेवढे मिळाले तरी नशीब.

आपल्याकडे काय झालं? 1970 साली सिडको आली, 95 गावांची जमीन घेऊन शहर उभं राहिलं. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले, 1984 मध्ये जासईच्या लढ्यात पाच जणांनी प्राण दिले, तेव्हा कुठे साडेबारा टक्के विकसित जमिनीचा हक्क पदरात पडला. तोही जमिनीपुरता. पाण्याला सातबारा नसतो, म्हणून बोक्षीच्या खुंटांचा हिशेब त्यात कुणी धरलाच नाही. मग पूल आले, जेट्ट्या आल्या, विमानतळासाठी उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला. तळोज्याच्या कारखान्यांच्या सांडपाण्याने कासाडी नदी नासली, तेव्हा पनवेलचे नगरसेवक अरविंद म्हात्रे यांना हरित लवादात जावं लागलं. ठाणे खाडीवरच्या तिसऱ्या पुलाच्या वेळी वाशीची मरीआई मच्छीमार सहकारी संस्था उच्च न्यायालयात गेली. 2021 साली न्यायालयाने पूल अडवला नाही, पण मच्छीमारांना भरपाई द्यावी लागेल हे बजावलं. हा मोठाच विजय. तरी भरपाई हा शेवटचा उपाय आहे. पैसे संपतात, खाडी संपली की पुढच्या पिढीला तिथीचा हिशेब कशाला लागेल?

नेरुळच्या डीपीएस तळ्यात भरतीचं पाणी अडलं आणि 2024 च्या उन्हाळ्यात रोहित पक्षी मेले, तेव्हा शहर हललं. चांगलं झालं. ठाणे खाडीला 2015 साली अभयारण्याचा आणि 2022 साली रामसर स्थळाचा मान मिळाला, तेही चांगलंच. पण रोहितासाठी गोळा होणारी गर्दी खुंट उपटले जाताना का दिसत नाही? ज्या पाण्यावर रोहित जगतो, त्याच पाण्यावर कोलंबीची पिल्लं वाढतात. कांदळवन वाढलं म्हणून आपण टाळ्या वाजवतो. काही जागी ते वाढलं आहे ते खाडी गाळाने भरते आहे म्हणून, आणि कोळ्याची होडी त्याच गाळात रुतते. हे ऐकायला पक्षीमित्रांना आवडत नाही. ऐकावं लागेल.

तर नवी मुंबईकरांनो, ‘क्रीक व्ह्यू’साठी चौरस फुटामागे जास्त पैसे मोजलेत ना, मग त्या क्रीकसाठी थोडी तसदी घ्या. भरतीची मोरी भरावाने बुजलेली दिसली तर फोटो काढा, ठिकाण आणि तारीख टाकून कांदळवन कक्षाला, महापालिकेला लेखी कळवा. मासळी गावातल्या कोळणीकडून घ्या, आणि पोटात अंडी असलेली चिंबोरी कुणी दिली तर ‘नको’ म्हणा. मागणी थांबली की फगातून ती परत पाण्यात जाईल. किनारपट्टी नियमनाच्या 2019 च्या अधिसूचनेनुसार किनारा व्यवस्थापन आराखड्यात मच्छीमार वस्त्या, त्यांच्या सामायिक जागा, जेट्ट्या, मासळी सुकवायचे ओटे दाखवायला हवेत. आपल्या गावाचा नकाशा काढून बघा. दिवाळ्याचा किंवा सारसोळ्याचा म्हातारा नाखवा शेजारी बसवा आणि त्याला विचारा, यात काय दाखवायचं राहून गेलं? जे राहून गेलं असेल त्याबद्दलची हरकत दोघांच्या सहीने द्या. आणि खाडीतल्या पुढच्या प्रकल्पाची जनसुनावणी लागेल, तेव्हा सोसायटीच्या ग्रुपवर तारीख टाका आणि सभागृहात कोळ्यांच्या रांगेत जाऊन बसा.