बुरशीइतकाच दाह घातक

अ‍ॅस्परजिलस ही बुरशी कुजत्या पाल्यापाचोळ्यात आणि ओल्या तणसात वाढते. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात व धानपट्ट्यात तिला दोन्ही मुबलक. तिचे बीजाणू जेमतेम २ ते ३ मायक्रॉनचे, त्यामुळे श्वासाबरोबर थेट वायुकोशांत उतरतात. निरोगी फुप्फुसातील भक्षक पेशी त्यांचा फडशा पाडतात. दम्याच्या काही रुग्णांत मात्र प्रतिकारशक्तीच भडकते: आयजीई प्रतिपिंडे व इओसिनोफिल पेशी वाढतात, चिकट कफ श्वासनलिका बुजवतो, नलिका कायमच्या रुंदावतात. हे नुकसान मुख्यतः दाहाचे. म्हणून इट्राकोनाझोलसारख्या बुरशीनाशकाइतकेच दाह शमवणारे स्टेरॉईडही महत्त्वाचे. तेच बेसुमार दिले की बुरशीला मोकळे रान मिळते. २०२१ मध्ये कोविडनंतरच्या म्युकरमायकोसिस या दुसऱ्या बुरशीच्या आजारात महाराष्ट्राने हे भोगले आहे.

क्षयातून बरे झालेल्यांच्या फुप्फुसातील पोकळीतही अ‍ॅस्परजिलस ठाण मांडते. खोकला, थुंकीतून रक्त, घटते वजन ही लक्षणे क्षयासारखीच असल्याने, थुंकीत जंतू न सापडताही पुन्हा क्षयाचीच औषधे सुरू होऊ शकतात. चंद्रपूर व गडचिरोलीच्या शासकीय रुग्णालयांत अ‍ॅस्परजिलसविरोधी प्रतिपिंडांच्या चाचण्या मिळाल्याच पाहिजेत. त्यांसाठी धान कापणाऱ्या मजुराला नागपूर गाठावे लागू नये.