रानाचा ताळेबंद

वर्षअखेरीस दुकानाचे दार अर्धे ओढून घेऊन मालाची मोजदाद करण्याची रीत व्यापारी घरांना नवी नाही. वहीतली शिल्लक आणि गोदामातला माल यांचा मेळ बसला की मालक निश्चिंत होतो. मेळ बसला नाही, तर तूट कोठे आहे याचा शोध सुरू होतो. परंतु ज्या गोदामाला भिंती नाहीत, ज्यातला माल स्वतःच्या पायांनी शेकडो किलोमीटर चालत जातो आणि मोजणारा जवळ येताच उधळतो, त्याची मोजदाद कशी करावी? पूर्व आफ्रिकेतील विस्तीर्ण गवताळ प्रदेशांपुढे हा प्रश्न दीर्घकाळ उभा होता. त्याचे उत्तर लहान विमानाने दिले, आणि त्या उत्तराची किंमतही मोठी पडली.

टांगानिका, म्हणजे आजच्या टांझानियाचा मुख्य भूभाग, तेव्हा ब्रिटिश प्रशासनाखाली होता. तेथील सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यानाच्या सीमा बदलून पूर्वेकडील भाग वेगळा करण्याचा विचार 1950 च्या दशकाच्या उत्तरार्धात चालू होता. सीमा कोठे आखावी हे ठरवायचे, तर प्राणी किती आहेत आणि कोणत्या ऋतूत कोठे जातात हे आधी कळायला हवे होते. ते निश्चितपणे कोणालाच ठाऊक नव्हते. हे काम जर्मनीतील फ्रँकफर्ट प्राणिसंग्रहालयाचे संचालक बर्नहार्ड ग्झिमेक आणि त्यांचा तरुण मुलगा मिखाएल यांनी अंगावर घेतले. दोघेही त्यासाठी विमान चालवायला शिकले. अतिशय कमी वेगाने उडू शकणारे डॉर्नियर बनावटीचे एक लहान विमान घेऊन, त्यावर झेब्र्यासारखे काळे-पांढरे पट्टे रंगवून, डिसेंबर 1957 मध्ये ते जर्मनीहून आफ्रिकेकडे निघाले.

पिता-पुत्रांनी प्रदेशाचे भाग पाडले आणि एकेका भागावरून समांतर रेषांत खालून उड्डाणे करत खालचे कळप मोजले. हजारोंच्या कळपात एकेक प्राणी मोजणे शक्य नसते. म्हणून दहाचा किंवा पन्नासाचा गट नजरेत बसवून, तसे गट किती भरतात याचा अंदाज घ्यावा लागे. त्यांच्या हिशेबात मोठ्या प्राण्यांची एकूण संख्या 3,66,980 आली, आणि त्यांत विल्डबीस्ट, म्हणजे गायीसारख्या शिंगांचे व दाढीचे कुरंग, 99,481 होते. याच्याच जोडीला काही प्राण्यांना खुणा करून त्यांनी त्यांचा माग काढला. तेव्हा दिसले की कळपांच्या वार्षिक प्रवासाच्या वाटा योजलेल्या सीमांच्या बाहेर जातात. कागदावरची रेषा आणि प्राण्यांचे पाय यांचा मेळ बसत नव्हता.

10 जानेवारी 1959 रोजी एकटा उड्डाण करत असताना मिखाएलच्या विमानाला एका गिधाडाची धडक बसली आणि विमान कोसळले. मिखाएल तेव्हा 24 वर्षांचा होता. त्याला न्गोरोन्गोरो विवराच्या काठावर पुरण्यात आले. पित्याने हाती घेतलेले काम सोडले नाही. दोघांनी मिळून आरंभिलेला चित्रपट आणि पुस्तक ‘सेरेंगेटी मरता कामा नये’ अशा अर्थाच्या नावाने त्याच वर्षी पुढे आले, आणि 1960 मध्ये त्या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट माहितीपटाचा ऑस्कर पुरस्कार मिळाला. बर्नहार्ड ग्झिमेक 1987 मध्ये निवर्तले. त्यांच्या अस्थीही मुलाशेजारीच ठेवण्यात आल्या.

या कथेची दुसरी बाजूही सांगायला हवी. 1959 मध्ये न्गोरोन्गोरोचा प्रदेश उद्यानापासून वेगळा झाला आणि सेरेंगेटीत गुरे चारणाऱ्या मसाई लोकांना तो प्रदेश सोडून जावे लागले. आकाशातून कळप दिसतात. पण त्या गवतावर पिढ्यान्पिढ्या गुरे राखणाऱ्या माणसाचा हक्क आकाशातून दिसत नाही. मोजणीच्या तक्त्यात ज्याचा रकाना नाही, त्याचे नुकसान हिशेबात येत नाही, ही गोष्ट ताळेबंद वाचणाऱ्याने सदैव ध्यानात ठेवावी अशी आहे.

मोजणीचे खरे मोल ती पुनःपुन्हा केल्याने वाढते. 1961 मध्ये झालेल्या अधिक व्यापक मोजणीत विल्डबीस्ट सव्वादोन लाखांच्या आसपास भरले. पुढे दर काही वर्षांनी विमाने उडत राहिली आणि आकडा चढत राहिला. 1977 च्या सुमारास तो तेरा-चौदा लाखांवर पोहोचला. पहिल्या मोजणीतून काही प्राणी सुटले असतील, हे मान्य केले तरी एवढी वाढ केवळ मोजणीतल्या फरकाची नव्हती. शोध घेता कारण सापडले ते गोठ्यात. गुरांचा बुळकांडी हा रोग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आफ्रिकेत शिरला होता आणि त्याने गुरांबरोबर रानातील खुरवाल्या प्राण्यांचाही संहार केला होता. उद्यानाभोवतीच्या गुरांना लस टोचली गेल्यावर 1960 च्या दशकाच्या आरंभी रानातील वासरे या रोगाने मरायची थांबली. रोगाचा साठा रानात नव्हता, तो गुरांतून येत होता. क्रमवार आकडे हाती नसते, तर हा कार्यकारणभाव एवढा स्पष्ट झाला नसता. बुळकांडीचे जगातून समूळ उच्चाटन झाल्याची घोषणा 2011 मध्ये झाली.

प्रत्येक वेळी संपूर्ण प्रदेश मोजणे वेळ, इंधन आणि पैसा या तिन्ही दृष्टींनी परवडत नाही. म्हणून हिशेबतपासनीस जशी सर्व पावत्यांऐवजी निवडक पावत्यांची तपासणी करतो, तशी नमुना-मोजणीची पद्धत रूढ झाली. विमान जमिनीपासून सुमारे 90 मीटर उंचीवर, ठरलेल्या सरळ रेषेत उडते. पंखाला आधार देणाऱ्या दांड्यांवर दोन खुणा बांधलेल्या असतात. मागच्या आसनावरील निरीक्षकाने त्या दोन खुणांच्या मध्ये दिसणारे प्राणीच मोजायचे, बाहेरचे नाहीत. उंची बदलली की खुणांमधील जमिनीचा पट्टा रुंद वा अरुंद होतो. त्यामुळे उंचीची नोंद सतत ठेवावी लागते. समजा, अशा पट्ट्यांनी प्रदेशाचा दहावा हिस्सा व्यापला आणि त्यात 80 हत्ती आढळले, तर एकूण अंदाज 800 चा निघतो. परंतु हत्ती सारखे पसरलेले नसतात. एखादा मोठा कळप योगायोगाने पट्ट्यात आला वा निसटला, तर अंदाज बराच हलतो. म्हणून प्रामाणिक अहवालात आकड्याशेजारी चुकीची मर्यादाही दिलेली असते. मर्यादेविना दिलेला आकडा हा जामिनाविना दिलेल्या कर्जासारखा समजावा.

निरीक्षकाच्या नजरेतूनही प्राणी सुटतात. झाडाखाली उभा असलेला, रंगाने मातीत मिसळलेला, एकटा असलेला तर हमखास. मोठ्या कळपांची छायाचित्रे काढून नंतर मोजणी पडताळतात. हत्तींच्या बाबतीत जिवंतांबरोबर सांगाडेही मोजले जातात. जिवंत व मृत मिळून जे एकूण, त्यात मृतांचे प्रमाण सुमारे आठ टक्क्यांवर गेले, तर जन्मापेक्षा मृत्यू अधिक होत असल्याची शंका घ्यावी असा संकेत आहे. व्यापाऱ्याच्या भाषेत ही बुडीत खात्यांची यादीच होय.

या पद्धतीचा सर्वांत मोठा प्रयोग 2014 ते 2016 या काळात झाला. मायक्रोसॉफ्टचे सहसंस्थापक पॉल ॲलन यांच्या अर्थसाहाय्याने आफ्रिकेतील 18 देशांत सवाना हत्तींची गणना झाली. हत्ती 3,52,271 भरले, आणि 2007 ते 2014 या सात वर्षांत सुमारे 30 टक्के घट झाल्याचे निष्पन्न झाले. मुख्य कारण होते हस्तिदंतासाठी होणारी चोरटी शिकार. हा विषय आपल्याकडच्या घरांपासून तितकासा दूर नाही. झांजिबारहून मुंबई आणि कच्छच्या बंदरांत एकेकाळी हस्तिदंत येत असे, आणि गुजरात-मारवाडातील नववधूंच्या हातांतील चुड्यासाठी त्याची कांकणे कातली जात. भारतात या व्यापारावर 1986 आणि 1991 मधील कायद्यांनी बंदी आली. चीनने देशांतर्गत बाजार 2017 च्या अखेरीस बंद केला. ज्या मागणीची झळ हजारो किलोमीटर दूर पोहोचते, तिचा हिशेब बहुधा कोणी मागत नाही; विमानातून मोजलेल्या सांगाड्यांनी तो मागितला.

भारतातील दाट जंगलात विमानाचा फारसा उपयोग नाही. महाराष्ट्रात बुद्धपौर्णिमेच्या चांदण्यात पाणवठ्याजवळील मचाणावर बसून प्राणी टिपण्याची पद्धत आहे. वाघांसाठी आता स्वयंचलित कॅमेरे लावतात. त्यापूर्वी पावलांच्या ठशांवरून वाघ मोजत. राजस्थानातील सरिस्का अभयारण्यात 2005 च्या सुमारास उघड झाले की वाघ एकही उरलेला नाही, आणि तोवर कागदोपत्री मात्र तेथे वाघ होते. वहीत शिल्लक, गोदाम रिकामे! चुकीची मोजणी ही मोजणी नसण्यापेक्षा अधिक घातक ठरते, कारण ती पहारेकऱ्याला झोपवते.

2022 मध्ये अंगोला, बोत्स्वाना, नामिबिया, झाम्बिया आणि झिम्बाब्वे या पाच देशांनी त्यांच्या सामाईक संरक्षित क्षेत्रातील हत्तींची गणना एकाच हंगामात, एकाच पद्धतीने केली. अंदाज 2,27,900 चा निघाला. हत्ती सीमा ओलांडतात. प्रत्येक देशाने वेगवेगळ्या वेळी मोजले, तर एकच हत्ती दोनदा जमा होईल किंवा दोन्हीकडून निसटेल. दोन शाखांमधील वाटेवरचा माल एकाच दिवशी, दोन्ही वह्यांत मिळून तपासावा लागतो, तसेच हे. जे देश एरवी अनेक बाबतींत एकमेकांशी वाद घालतात, त्यांनी एका वहीवर सही करावी, ही या गणनेची आकड्याइतकीच मोठी मिळकत म्हटली पाहिजे.