गरिबाचा परदेशप्रवास

देशाटनानें मनुष्य शहाणा होतो, असें आमच्या शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या शिकविलें जातें. परंतु त्या देशाटनास पैसे किती लागतात व ते कोठून आणावेत, हें मात्र कोणी शिकवीत नाहीं. परिणाम असा होतो कीं, कऱ्हाडच्या आसपासच्या खेड्यांतून येणारा हुशार विद्यार्थी भूगोलाच्या तासाला नकाशावर बोट ठेवतो आणि मनांत म्हणतो, ‘हें आपल्यासाठीं नव्हे.’ परदेश म्हणजे विमान, विमान म्हणजे लाखाची गोष्ट, आणि लाखाची गोष्ट म्हणजे कर्ज, अशी सांखळी त्याच्या मनांत पक्की बसलेली असते. ही सांखळी खोटी आहे, असें आमचें मत आहे. तें आम्ही येथें कारणांसह मांडतों.

परदेशगमन हा श्रीमंतांचाच मक्ता कधींही नव्हता. पंडिता रमाबाई इ. स. १८८३ मध्यें इंग्लंडास निघाल्या, तेव्हां वाटखर्चास उपयोगीं पडला तो त्यांच्याच ‘स्त्रीधर्मनीति’ या पुस्तकाच्या विक्रीचा पैसा. त्याहीपूर्वीं, ५ जुलै १८४१ रोजीं, टॉमस कुक या इंग्रज गृहस्थानें दारूबंदीच्या सभेसाठीं सुमारें ५०० लोकांना लेस्टरहून लफबरोस आगगाडीनें नेलें. भाडें माणशीं एक शिलिंग. पुष्कळ माणसें एकत्र आलीं म्हणूनच तें भाडें परवडलें. जर्मनींतील रिचर्ड शिरमान या शाळामास्तरास इ. स. १९०९ मध्यें सहलींत वादळानें गांठलें. मुलांसह एका शाळेंत रात्र काढतांना त्यास सुचलें कीं, सुटींत रिकाम्या पडणाऱ्या शाळांतून प्रवासी मुलांची निजण्याची सोय कां होऊं नये? त्यांतूनच पुढें युवक-वसतिगृहांची चळवळ जगभर पसरली. संगतीनें जावें आणि साधा मुक्काम करावा, हे ते दोन उपाय. आमच्या दिंडीतल्या वारकऱ्यास ते कोणी शिकवावे लागले नाहींत.

आतां प्रश्न उरतो तो देश निवडण्याचा. अल्पधन प्रवाशानें चार गोष्टी विचाराव्यात: तेथें आगगाडीनें किंवा मोटारीनें जातां येतें काय? आंत शिरण्यास कोणते कागद व किती कर लागतो? तेथील रोजचा खर्च किती? आणि चौथी, जी बहुतेक लोक विचारीतच नाहींत: आपण तेथें कशासाठीं जाणार?

या चारही कसोट्यांस पहिल्या प्रथम उतरतो तो नेपाळ. ओगलेवाडीच्या आपल्या स्टेशनावरून पुणें किंवा मुंबई गांठावी. तेथून गोरखपुरास थेट गाड्या आहेत. पुढें मोटारीनें सुनौलीची सीमा ओलांडली कीं लुंबिनी फार दूर नाहीं. दुसरी वाट बिहारांतील जयनगराची. तेथून जनकपुराकडे जाणारी नेपाळची आगगाडी इ. स. २०२२ मध्यें पुन्हां सुरूं झाली. भारतीय नागरिकास व्हिसा नको, पासपोर्टही नको. प्रौढास मतदार ओळखपत्र पुरतें. आमच्या वाचकांनीं विशेष ध्यानांत ठेवावें तें हें कीं, १५ ते १८ वर्षांच्या विद्यार्थ्यास शाळेच्या मुख्याध्यापकानें ठरीव नमुन्यांत दिलेला दाखला चालतो. इ. स. १९९३ पासून आपल्या १०० रुपयांस तेथील १६० रुपये हा दर कायम आहे. त्यामुळें हिशेब चुकण्याचें भय नाहीं. नियम वेळोवेळीं बदलतात, म्हणून निघण्यापूर्वीं सरकारी पत्रक पाहावें, आणि आपल्या कोणत्या नोटा तेथें चालतात याचीही चौकशी करावी.

राहिला चौथा प्रश्न. आगाशिवाच्या डोंगरावरचीं बौद्ध लेणीं ज्या विद्यार्थ्यानें पाहिलीं आहेत, त्यानें बुद्धाच्या जन्मस्थानीं अशोकाचा स्तंभ पाहावा, यासारखा दुसरा धडा कोणता? लहानपणीं साताऱ्यास शिकलेले डॉ. आंबेडकर इ. स. १९५६ च्या नोव्हेंबरांत जागतिक बौद्ध परिषदेसाठीं काठमांडूस गेले होते, हेंही त्यानें वाटेंत आठवावें.

जवळचा देश स्वस्तच असतो, असें मात्र नव्हे. भूतानचें नाणें आपल्या रुपयाच्या बरोबरीचें आहे, आणि तेथेंही मतदार ओळखपत्र चालतें, परंतु इ. स. २०२२ पासून त्या सरकारनें प्रौढ भारतीय प्रवाशावर दर रात्रीं १,२०० रुपये शुल्क बसविलें. चार प्रौढ माणसें पांच रात्री राहिलीं, तर एवढ्यासच २४,००० रुपये झाले. याबद्दल त्या देशास बोल लावणें आम्हांस योग्य वाटत नाहीं; आपलें अरण्य व आपली शांतता यांची किंमत ठरविण्याचा घरधन्यास अधिकार आहे. पाहुण्यानें ती किंमत आधीं विचारावी, एवढेंच. लंकेची वाट पूर्वीं धनुष्कोडीवरून आगबोटीनें सोपी होती, इ. स. १९६४ च्या डिसेंबरांतील वादळानें ती मोडली. नागपट्टणाहून कांकेसन्तुरैस बोट इ. स. २०२३ मध्यें सुरूं झाली, पण ती ऋतुमानाप्रमाणें बंद असते, आणि पासपोर्ट अवश्य लागतो.

त्याहून दूरच्या देशांविषयीं आमचें सांगणें एकच आहे: जाहिरातींतला आंकडा म्हणजे खर्च नव्हे. स्वस्त विमानाच्या तिकिटांत सामान, जेवण, व्हिसा, विमानतळापर्यंतचें भाडें यांचा पुष्कळदां समावेश नसतो. आठ दिवसांत पांच देश दाखविणारी सहल ही मोटारीच्या खिडकींतून पाहिलेली पांच नांवें होत. एकाच गांवीं आठ दिवस राहून तेथील बाजार, शाळा व शेत पाहणारा मनुष्य कमी खर्चांत अधिक घेऊन येतो.

यापुढें आम्ही जें लिहितों, तें पालकांनीं विशेषेंकरून वाचावें. सहलीसाठीं कर्ज काढूं नये. एक लाख रुपये शेंकडा १४ दरानें तीन वर्षांच्या हप्त्यांनीं फेडले, तर सुमारें २३,००० रुपये नुसतें व्याज होतें. तेवढ्या रकमेंत एखादा काटकसरी विद्यार्थी आगगाडीनें नेपाळ पाहून परत येईल. ज्या घरांत उसाच्या बिलाची वाट पाहून फी भरली जाते, त्या घरानें शेजाऱ्याचीं छायाचित्रें पाहून हप्ता बांधून घेणें ही हौस नव्हे, ती हानि होय. उलट, दरमहा ५०० रुपये बाजूस टाकले तर दोन वर्षांत १२,००० होतात. याच तालुक्यांतील काले गांवीं इ. स. १९१९ मध्यें कर्मवीर भाऊराव पाटलांनीं रयत शिक्षण संस्था स्थापिली, आणि पुढें ‘कमवा व शिका’ हा मार्ग गरीब मुलांस दाखविला. त्याच मार्गानें शिकतां येतें, तर प्रवास कां करितां येऊं नये?

कोणी म्हणेल, आधीं आपला देश तरी पाहा. परंतु जो आगगाडीनें गोरखपुरास जातो, तो वाटेंत नर्मदा ओलांडतो, गंगेच्या मैदानांतलीं शेतें पाहतो, आणि चार बोली ऐकतो. त्यास आपला देशही पाहावा लागतोच. कोणी म्हणेल, स्वस्तांत प्रवास म्हणजे हाल. हाल कांहीं अंशीं खरे; पण तरुण शरीरास ते सोसवतात. एक मर्यादा मात्र पाळावी. आपली बचत आपल्या पोटांतून व आपल्या चैनींतून करावी, तेथील हमालाच्या मजुरींतून करूं नये. जो देश आपणांस स्वस्त वाटतो, तो तेथील श्रमिकास स्वस्त नसतो.

शाळांनींही कांहीं करावें. एक प्रवासपेढी काढून मुलांची मासिक बचत तींत ठेवावी, एक शिक्षक सोबतीस द्यावा, आणि मुख्याध्यापकांच्या दाखल्यावर दहा विद्यार्थी लुंबिनीपर्यंत नेऊन आणावेत. परत आल्यावर त्यांच्याकडून पैन्‌पैचा हिशेब आणि पाहिलेल्या गोष्टींचा वृत्तांत याच अंकासाठीं मागावा. मग पुढच्या वर्षीं नकाशावर बोट ठेवणारा मुलगा ‘हें आपल्यासाठीं नव्हे’ असें न म्हणतां, ‘तिकिटास किती पडतें?’ असें विचारील. आणि त्यास उत्तर देणारा त्याच्याच बाकावर बसलेला असेल.