जाळे तुटले कोठे?

मालवण, देवगड किंवा वेंगुर्ल्याकडच्या एखाद्या घराचे चित्र डोळ्यांसमोर आणा. ओटीवरच्या टेबलावर जुना संगणक आहे, त्यात पर्यटकांच्या निवासाचे हिशेब आहेत. माजघरात ताईचा लॅपटॉप आहे. दोन्ही यंत्रे एकाच राऊटरला जोडलेली आहेत. ताईला हिशेबाची फाईल हवी आहे, पण लॅपटॉपवर ओटीवरचा संगणक काही दिसत नाही. मग काय होते? यंत्रे बंद करून पुन्हा सुरू केली जातात, दिसेल ते बटण दाबले जाते आणि शेवटी ‘बिघडलेय काहीतरी’ असे म्हणून जाणकार माणसाची वाट पाहिली जाते.

माझे मत असे की, फाईल कशी पाठवावी यापेक्षा ती पोहोचली नाही तर दोष कसा शोधावा, हे शाळेत शिकणे अधिक मोलाचे आहे. पहिली गोष्ट यंत्रे बदलली की जुनी होते. दुसरी मात्र विज्ञानाची पद्धतच आहे आणि ती जन्मभर पुरते.

मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढताना तुम्ही पाहिली असेल. जाळ्यातून मासे निसटले तर कोणी अख्खे जाळे फेकून देत नाही. ते वाळूवर पसरतात, एका टोकापासून पाहत जातात आणि फाटलेली जागा सापडली की तेवढीच सांधतात. संगणकांच्या जाळ्याचेही तसेच आहे. ते एकावर एक रचलेल्या थरांचे असते. खालचा थर ठीक असल्याखेरीज वरच्या थराकडे पाहण्यात अर्थ नाही.

सर्वांत खालचा थर म्हणजे वीज आणि जोडणी. दुसरा संगणक जागा आहे ना? बराच वेळ कोणी हात लावला नाही तर संगणक आपोआप झोपतो आणि झोपलेले यंत्र हाकेला ओ देत नाही. दोन्ही यंत्रे एकाच वाय-फायवर आहेत ना? पुष्कळ राऊटर पाहुण्यांसाठी वेगळे वाय-फाय देतात आणि त्यावरच्या यंत्रांना घरातली इतर यंत्रे मुद्दामच दाखवत नाहीत. आपल्याकडच्या जांभ्याच्या जाड भिंतीही लक्षात घ्या. वाय-फायच्या लहरी त्यांतून जाताना क्षीण होतात. त्यातही ५ गिगाहर्ट्झच्या लहरी २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींपेक्षा जास्त क्षीण होतात.

दुसरा थर पत्त्याचा. जाळ्यातल्या प्रत्येक यंत्राला एक अंकी पत्ता असतो, उदाहरणार्थ, १९२.१६८.१.५. असे पत्ते राऊटर वाटून देतो. घरगुती जाळ्यात बहुधा पहिले तीन आकडे सर्व यंत्रांचे सारखे असतात आणि शेवटचा निराळा असतो. तुमच्या यंत्राचा पत्ता १६९.२५४ असा सुरू होत असेल, तर राऊटरकडून पत्ता मिळालाच नाही आणि यंत्राने स्वतःच एक पत्ता ठरवून घेतला, असे समजावे. दोष तेथे आहे, फाईलमध्ये नव्हे.

तिसरी तपासणी हाकेची. ‘पिंग’ नावाची एक छोटी आज्ञा आहे. माइक म्यूस या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने ती डिसेंबर १९८३ मध्ये लिहिली. मासेमारीच्या ट्रॉलरवर पाण्यात ध्वनीचा स्पंद सोडून प्रतिध्वनी टिपणारे यंत्र असते. पाण्याखालच्या वस्तू अशा रीतीने शोधणाऱ्या सोनार यंत्राच्या आवाजावरूनच त्याने हे नाव दिले. आपण एका पत्त्यावर हाक घालतो आणि उत्तर येते का, ते पाहतो. उत्तर आले तर वाट मोकळी आहे. पण उत्तर आले नाही तर वाट बंदच आहे, असे मात्र सिद्ध होत नाही! पलीकडच्या यंत्राची संरक्षक भिंत, म्हणजे फायरवॉल, अशा हाकांना मुद्दामच उत्तर देऊ देत नसेल. म्हणून आधी राऊटरला हाक घालून पाहावी. पुरावा किती सांगतो आणि किती सांगत नाही, हे ओळखणे म्हणजेच विज्ञान.

यानंतर नाव आणि परवानगी. संगणक नावाने सापडत नसेल तर त्याचा अंकी पत्ता लिहून पाहा. पत्त्याने फोल्डर उघडले आणि नावाने उघडले नाही, तर जाळे धड आहे, फक्त नावाचा पत्ता लावणारी यंत्रणा अडली आहे. विंडोजमध्ये जाळे ‘सार्वजनिक’ असे नोंदले गेले असेल, तर संगणक इतरांपासून स्वतःला लपवतो. घरच्या जाळ्याची नोंद ‘खाजगी’ अशी हवी. शिवाय ज्या खात्याला परवलीचा शब्दच नाही, त्या खात्याने जाळ्यावरून आत शिरायला विंडोज सहसा मज्जाव करते. समोर बसून बिनपरवलीचा उघडणारा संगणक दुसऱ्या खोलीतून का नाकारतो, याचे कोडे येथे सुटते.

आता खरा धोका सांगतो. वैतागलेला माणूस फायरवॉलच बंद करून टाकतो, फोल्डर सर्वांना खुले करतो किंवा फाईल वाटपाची जुनी, सदोष पद्धत पुन्हा चालू करतो. फाईल येते आणि सारे खूश होतात. परंतु १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ नावाचा उपद्रवी प्रोग्रॅम याच जुन्या पद्धतीतील, म्हणजे एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीतील, दोषाचा फायदा घेऊन पसरला. सुमारे दीडशे देशांतील दोन लाखांहून अधिक संगणकांना त्याची झळ लागली आणि ब्रिटनमधील रुग्णालयांचे कामकाज विस्कळीत झाले. दोष दूर करणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती, पण असंख्य यंत्रांवर ती बसवलेलीच नव्हती. सिंधुदुर्ग किल्ल्याचे महाद्वार दुरून दिसत नाही, तटाच्या वळणात ते लपलेले आहे. पाहुण्याला दरवाजा सापडेना म्हणून कोणी तट पाडत नाही. त्याला वाट दाखवावी लागते.

काही जण म्हणतील, ‘एवढा खटाटोप कशाला? मोबाइलवरून पाठवा, नाहीतर पेनड्राइव्ह आहेच.’ घाईच्या वेळी पेनड्राइव्ह वापरण्यात काहीच गैर नाही. पण रोज तेच केले तर एकाच हिशेबाच्या चार प्रती होतात आणि खरी कोणती, हे कोणालाच कळत नाही. मोबाइलवरून पाठवलेली फाईल ओटीवरून माजघरात येण्यासाठी दूरच्या कोठल्या तरी संगणकापर्यंत जाऊन परत येते. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ कोकण किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा सिंधुदुर्गात विजेचे खांब कोसळले आणि संपर्क यंत्रणा कोलमडली. अशा वेळी बाहेरची तार तुटली तरी घरचे जाळे तुटत नाही, हे पुष्कळांना ठाऊकच नसते. इन्व्हर्टरवर राऊटर चालू असेल, तर इंटरनेटशिवायही एका खोलीतून दुसऱ्या खोलीत फाईल जाते.

म्हणून शाळांना माझी एक सूचना आहे. प्रयोगशाळेत दोन जुने संगणक आणि एक राऊटर ठेवावा. या प्रयोगापुरते ते इंटरनेटपासून वेगळे असावेत. शिक्षकांनी मुद्दाम एक दोष निर्माण करावा. कधी तार ढिली करावी, कधी पत्ता बदलावा, कधी परवानगी काढून घ्यावी. विद्यार्थ्यांनी तो शोधावा. नियम तीनच असावेत. एका वेळी एकच बदल करायचा. प्रत्येक बदल आणि त्याचा परिणाम वहीत लिहायचा. उपयोग न झालेला बदल लगेच पूर्ववत करायचा. गुण दोष सापडल्याबद्दल नव्हे, तर वहीतल्या नोंदींवर द्यावेत.

असे शिकलेली मुलगी उद्या संगणकापुढेच बसेल असे नाही. ती बोटीचे इंजिन दुरुस्त करील, रुग्ण तपासील किंवा आंब्यावरच्या रोगाचे कारण शोधील. ‘बिघडले आहे’ एवढ्यावर न थांबता ‘कोठपर्यंत ठीक आहे?’ हा प्रश्न ती आधी विचारील. तुमच्या घरी पुढच्या वेळी फाईल अडली की घाई करू नका. वही घ्या आणि पहिल्या थरापासून सुरुवात करा.