शब्दकोड्यातील चौकोन आणि शब्दांची कुळे



वर्तमानपत्रातील दैनंदिन शब्दकोडे म्हणजे रिकामा वेळ घालवण्याचा उद्योग, असा समज आपल्याकडे रूढ आहे. कोडे सोडवणाऱ्यालाही त्याबद्दल थोडे ओशाळल्यासारखे होते. माझे मत याच्या उलट आहे. मराठी विषय घेऊन पदवीचा अभ्यास करणाऱ्याने, विशेषतः नोकरी आणि संसार सांभाळून तो करणाऱ्याने, हे कोडे अवश्य सोडवावे. आणि चौकोन भरले की काम संपले असे न मानता, त्यातील एका तरी उत्तराचा माग काढावा. भाषाविज्ञानाच्या पुस्तकात जे व्याख्येच्या रूपाने येते, ते येथे प्रत्यक्ष हाताळायला मिळते.

शब्दकोडे मूळचे आपले नव्हे. लिव्हरपूलमध्ये जन्मलेल्या आर्थर विन या पत्रकाराने २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत पहिले कोडे छापले. त्याच्या एका चौकोनात रोमन लिपीतील एक वर्ण बसत होता. मराठीत चौकोनात काय बसवायचे? ‘कमळ’ हा शब्द घ्या. त्यात क्, अ, म्, अ, ळ् असे पाच ध्वनी आहेत. उच्चारताना तो क–मळ असा दोनच खंडांत तुटतो. कोड्यात मात्र त्याला तीन चौकोन लागतात. ‘ज्ञानेश्वर’ला चार लागतात : ज्ञा, ने, श्व, र. तोच शब्द मोठ्याने म्हणून पाहा : ज्ञा–नेश्–वर, खंड तीनच. म्हणजे चौकोनात बसतो तो सुटा ध्वनी नव्हे आणि उच्चाराचा खंडही नव्हे. ते आपल्या लिपीचे अक्षर आहे. या तीन पातळ्यांची गल्लत केलेल्या उत्तरपत्रिका मी वर्षानुवर्षे तपासत आलो आहे. त्या लिहिणाऱ्यांपैकी कोणीही सकाळी कोडे भरताना ‘ज्ञानेश्वर’ तीन चौकोनांत कोंबणार नाही, याची मला खात्री आहे. ज्ञान आहे, त्याला नाव देणे तेवढे राहिले आहे.

या अक्षरनिष्ठेचे परिणाम दूरवर जातात. इंग्रजीत वर्ण सव्वीस. मराठीत ‘क’पासून ‘ळ’पर्यंतची चौतीस व्यंजने बाराखडीत फिरवली तरी चारशे आठ अक्षरे होतात, जोडाक्षरे वेगळीच. त्यामुळे एकमेकांना छेदणाऱ्या दोन शब्दांत समान अक्षर सापडणे आपल्याकडे कठीण, आणि म्हणून मराठी कोड्यात काळे चौकोन अधिक. पण जे अक्षर मिळते ते पुष्कळ काही सांगून जाते. आडव्या शब्दातून ‘ळा’ मिळाला, तर उभा शब्द तेथून सुरू होणार नाही हे तत्क्षणी कळते; कारण मराठी शब्दाचा आरंभ ‘ळ’ने होत नाही.

शुद्धलेखनाचेही तसेच आहे. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनी तत्सम शब्दांच्या अंती येणारे इकार-उकार दीर्घ ठरवले. त्यापूर्वी आडवा ‘कवि’ आणि उभे ‘विमान’ एका चौकोनात बिनदिक्कत भेटू शकत. आता ‘कवी’ला ‘वीणा’ शोधावी लागते. ‘कविता’ मात्र अजूनही ‘विमाना’ला भेटते. हा नियम पुस्तकात वाचला तर कंटाळा येतो. चौकोनात तो वाट अडवतो, म्हणून लक्षात राहतो. काही कोडी ऱ्हस्व-दीर्घाची सवलत घेतात. ती मला मान्य नाही. दोन शब्दांचा छेद हाच कोड्यातील न्यायाधीश असतो. तो सैल केला की उत्तर पडताळण्याचे साधनच उरत नाही. हा प्रश्न एकेकाळी न्यायालयातही गेला होता, तो पैशांमुळे. बक्षिसांच्या कोड्यांत एका सूचनेला दोन शब्द सारखेच लागू पडले, तर ‘बरोबर’ कोणता हे आयोजकांच्या बंद पाकिटातील उत्तरावर ठरे. संसदेने १९५५ मध्ये बक्षीस-स्पर्धांवर कायदा केला आणि १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जुगाराच्या स्वरूपाच्या अशा स्पर्धांना व्यापार म्हणून घटनेचे संरक्षण नाकारले. असो.

मला अधिक आनंद मिळतो तो उत्तरांच्या कुळात डोकावताना. कोडी करणाऱ्यांचे काही लाडके शब्द असतात : खग, उरग, तुरग, नग. नुसते पाठ करणाऱ्याला चार शब्द मिळतात. पण ‘ग’ म्हणजे जाणारा, एवढे कळले की चित्र पालटते. ‘ख’ म्हणजे आकाश, त्यातून जाणारा तो खग. उराने, छातीने सरपटणारा तो उरग. त्वरेने जाणारा तुरग म्हणजे घोडा. आणि जो मुळी जातच नाही तो नग, म्हणजे पर्वत. (डझनाच्या हिशेबातला नग वेगळा, आणि ‘काय नग आहे!’ मधला त्याहून वेगळा.) याच वाटेने पुढे गेलात तर सह्याद्रीचा एखादा कडा चढून दमलेल्या कोणालाही पटेल असा शब्द भेटतो : जेथे जाणे कठीण तो दुर्ग.

सर्वच कुळे संस्कृतात नाहीत. ‘कैदखाना’ या सूचनेपुढे आपण ‘तुरुंग’ लिहितो. तो पोर्तुगीज ‘त्रोंकु’वरून आला. मूळ अर्थ झाडाचे खोड. त्यावरून कैद्याचे पाय अडकवण्याचा लाकडी खोडा, आणि खोड्यावरून बंदिशाळा. ‘पगार’ हे पोर्तुगीजमध्ये ‘पैसे देणे’ या अर्थाचे क्रियापद आहे. ‘घमेले’ ज्या ‘गामेला’वरून आले, ते लाकडी पसरट भांडे होते, आपण ते लोखंडाचे केले आणि बांधकामावर नेले. पोर्तुगीज शब्दांचा आशियाई भाषांतील हा प्रवास आसगावचे गोमंतकीय पंडित सेबास्तियांव रोदोल्फो दालगादो यांनी ग्रंथरूपाने मांडला, तोही १९१३ मध्येच, विनच्या कोड्याच्या वर्षी.

आपल्यापैकी अनेकांच्या मनात एक संकोच असतो : अभ्यासात इतक्या वर्षांचा खंड पडला, आपली भाषा कामावरची, शेतावरची, बाजारातली, तिचा पदवीशी काय संबंध? कोडे हा भेद मानत नाही. ‘पाट’ या उत्तरासाठी बसायचा पाट, पाण्याचा पाट आणि पूर्वी विधवेचा लावला जाणारा पाट, यांपैकी कोणतीही सूचना येऊ शकते. पाटाच्या पाण्याची पाळी धरण्यासाठी रात्री जागलेल्या माणसाला दुसऱ्या सूचनेसाठी शब्दकोश लागत नाही. पहिल्या वर्गात बसलेल्या तरुणाला तो बहुधा लागेल.

शब्दकोश मात्र जवळ असावा. भ्रमणध्वनीवर तयार उत्तर शोधणे आणि कोशातील नोंद वाचणे यांत मोठे अंतर आहे. दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’, मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आणि कुळांसाठी कृ. पां. कुलकर्णी यांचा १९४६ चा ‘मराठी व्युत्पत्तिकोश’ हे अभ्यासकेंद्राच्या वा गावच्या ग्रंथालयात मागून पाहा. सुरुवातीला ‘वर’ हा दोन अक्षरी शब्द घ्या. नवरदेव तो वर आणि देव देतो तोही वर. दोन्ही ‘वृ’, म्हणजे निवडणे, या एकाच धातूचे. माळ्यावर चढण्यातला ‘वर’ मात्र ‘उपरि’पासून झिजत आलेला. उद्याच्या कोड्यात यांपैकी कोणता येईल, ते सूचना वाचूनच ठरवावे लागेल.